नोमॅडच्या टपाचा हिशेब

इतकं थोडं आयुष्य आणि एवढा मोठा लौकिक अमेरिकन मोटारींच्या इतिहासात क्वचितच एका गाडीच्या वाट्याला आला असेल. १९५५, १९५६ आणि १९५७ अशी तीनच वर्षं शेव्हर्ले नोमॅड ही स्टेशन वॅगन तिच्या मूळ रूपात बनली. तिन्ही वर्षांच्या मिळून गाड्या भरल्या सुमारे २२ ते २३ हजार. त्याच काळात शेव्हर्लेच्या कारखान्यांतून वर्षाला १५ ते १७ लाख मोटारी बाहेर पडत होत्या. त्या पसाऱ्यात नोमॅड कुठल्या कुठे हरवून जाते. आज मात्र पन्नासच्या दशकातली अमेरिकन वॅगन म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे बहुधा हीच येते. ती बंद का पडली याची कारणं सांगणाऱ्यांची कमतरता नाही. ती महाग होती, तिला दोनच दारं होती, ती पावसात गळायची. तिन्ही विधानं खरी आहेत, पण त्यांनी उत्तर पुरं होत नाही. कारण यातली एखादी खोड असलेल्या इतर गाड्या त्याच बाजारात व्यवस्थित खपत होत्या. माझ्या मते नोमॅडचं आयुष्य ठरवलं ते तिच्या टपानं. ज्या टपामुळे ती देखणी झाली, तो टप शेव्हर्लेच्या दुसऱ्या कुठल्याही मोटारीला बसत नव्हता, आणि पोलादी पत्र्याच्या धंद्यात ही गोष्ट फार महागात पडते.

स्टेशन वॅगनची सुरुवात अगदी साधी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत रेल्वे स्टेशनवर उतरलेले पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत किंवा गावाबाहेरच्या बंगल्यापर्यंत नेण्यासाठी मोटारीच्या चासीवर लाकडी सांगाडा चढवायचे. हे काम सुतारांचं आणि गाडे बांधणाऱ्यांचं होतं. मोटार कंपन्या चासी विकायच्या आणि वरचं अंग दुसरं कुणी बांधायचं. फोर्डनं १९२९ मध्ये मॉडेल ए वॅगन स्वतःच्या यादीत घेतली. तिचं लाकूड मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटन इथल्या फोर्डच्याच जंगलांतून आणि गिरण्यांतून यायचं. लाकडी वॅगन दिसायला सुरेख होती, पण तिला जपावं लागे. दरवर्षी वॉर्निश, सांधे सैल झाले की दुरुस्ती, ओल धरली की कुजणं हे तिच्यामागे कायमचं लागलेलं. म्हणून ती सहसा सधन माणसाची दुसरी किंवा तिसरी गाडी असे. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४६ मध्ये विलिसनं जीपच्या अंगावर संपूर्ण पोलादी वॅगन आणली आणि १९४९ मध्ये प्लिमथ सबर्बन आली. शेव्हर्लेनंही १९४९ च्या हंगामातच लाकूड सोडून पोलाद धरलं. ब्यूकनं १९५३ पर्यंत लाकडाची साथ सोडली नाही, तेवढा अपवाद.

पोलादामुळे वॅगन स्वस्त झाली, टिकाऊ झाली आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. गिऱ्हाईकही तयारच होतं. युद्धावरून परतलेल्या तरुणांना सरकारी मदतीनं घरकर्ज मिळत होतं आणि शहरांबाहेर उपनगरं उभी राहत होती. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून बांधलेल्या लेव्हिटाउनमध्ये एका साच्यातली १७ हजारांवर घरं झाली. या वस्त्यांत दुकान, शाळा, चर्च, सगळं मोटारीच्या अंतरावर होतं. मुलं जास्त, किराणा आठवड्याचा एकदम आणायचा, सुट्टीत सगळं बिऱ्हाड घेऊन लांब जायचं. अशा संसाराला वॅगन हवी होती, आणि बहुतेक घरांत मोटार एकच होती. हा शेवटचा तपशील नोमॅडच्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे. एकुलती एक गाडी घेताना माणूस स्वतःची हौस आणि घराची गरज यांचा एकत्रच हिशेब करतो.

आता जनरल मोटर्सकडे वळू. शेव्हर्ले ही याच कंपनीची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खपणारी शाखा. अल्फ्रेड स्लोन यांनी कंपनीची घडी अशी बसवली होती की शेव्हर्लेपासून पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि शेवटी कॅडिलॅक अशी एक चढण तयार व्हावी. गिऱ्हाइकाचं उत्पन्न वाढलं की त्यानं एक पायरी वर चढावं, आणि चढायचं नसेल तर निदान दर वर्षी बदललेलं रूप पाहून जुनी गाडी नकोशी व्हावी. हे वार्षिक रूपांतर सांभाळायची जबाबदारी हार्ली अर्ल यांच्याकडे होती. १९२७ मध्ये त्यांच्यासाठी कंपनीत स्वतंत्र कलाविभाग उघडला गेला आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, जनरल मोटर्सच्या प्रत्येक गाडीवर त्यांची नजर राहिली. मोटार आधी मातीच्या पूर्णाकृती नमुन्यात घडवून डोळ्यांनी पारखायची, ही रीत या उद्योगात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अर्ल हे अभियंते नव्हते. त्यांना रेषेचा कान होता असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही, आणि कंपनीच्या वरिष्ठांकडून हवं ते करून घेण्याची ताकदही होती.

कंपनीचं मोटोरामा नावाचं फिरतं प्रदर्शन असे. भविष्यातल्या गाड्यांचे नमुने तिथे झगमगाटात मांडले जात आणि लोक ते पाहायला रांगा लावत. १९५३ च्या मोटोरामात कॉर्व्हेट ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स कार दिसली आणि त्याच वर्षी विक्रीला आली. जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात पुढचं प्रदर्शन भरलं, तेव्हा त्यात कॉर्व्हेटचं तोंड आणि वॅगनचं अंग असलेला एक नमुना होता. त्याचं नाव नोमॅड. अंग फायबरग्लासचं, खाली मात्र शेव्हर्लेच्या साध्या वॅगनची चासी. तिच्या टपाची रेषा आखली होती कार्ल रेनर या रेखाटनकारानं. मधले खांब पुढे झुकलेले, टप पातळ आणि बुटका, मागचा भाग तिरका उतरता, मागच्या कोपऱ्यांत काच वळून आलेली. तोवरच्या वॅगनचं मागचं अंग पेटीसारखं चौकोनी असे, कारण सामान भरायला पेटीच सोयीची. रेनरच्या टपानं त्या पेटीला गती दिली.

प्रदर्शनात लोकांना ती फार आवडली. शेव्हर्लेच्या स्टुडिओचे प्रमुख क्लेअर मॅकिकन यांना अर्ल यांचा निरोप आला की हाच टप १९५५ च्या नेहमीच्या शेव्हर्लेवर बसवून दाखवा, आणि मुदत दोन दिवसांची. रेनरच्या टपाचं पूर्णाकृती रेखाटन कापलं गेलं, लांबवलं गेलं आणि नव्या शेव्हर्लेच्या खालच्या अंगावर जुळवलं गेलं. ते जुळलं, आणि इतकं चांगलं जुळलं की जोडकाम आहे हे पाहणाऱ्याला कळू नये. टपाच्या मागच्या भागावर नऊ आडव्या पन्हळी आणि मागच्या फाळक्यावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या आल्या. पुढचं बंपर, जाळी, बॉनेट, मडगार्ड आणि काचेपर्यंतचं सगळं मात्र इतर शेव्हर्ले गाड्यांचंच राहिलं. ही १९५५ ची शेव्हर्लेही काही साधी गाडी नव्हती. मुख्य अभियंते एड कोल यांच्या देखरेखीखाली तिला नवी चासी आणि ४.३ लिटरचं १६२ अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन मिळालं होतं. पुढे अनेक दशकं चाललेल्या इंजिनांच्या एका घराण्याची ती सुरुवात होती.  

इथे पत्र्याच्या कामाविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण नोमॅडचा निकाल प्रेस शॉपमध्येच लागला. मोटारीचा टप, दार किंवा मडगार्ड म्हणजे पोलादाचा सपाट पत्रा दोन जड डायांच्या मध्ये ठेवून प्रचंड दाबानं आकार दिलेला तुकडा. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र डाय लागतात, अनेकदा एकामागून एक अशा तीन-चार जोड्या. त्या घडवायला कुशल कारागीर लागतात, महिनोन्‌महिने लागतात आणि खर्चही प्रचंड येतो. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती कितीही निघोत, साचा एकदाच घडवावा लागतो, आणि त्या साच्याची मेहनत दहा मूर्तींवर वाटली जाते की हजारांवर, यावर मूर्तीची किंमत ठरते. डायचा हिशेब तसाच असतो, फक्त आकडे अवाढव्य. १९५५ मध्ये शेव्हर्लेच्या सुमारे १७ लाख मोटारी बनल्या आणि त्या सगळ्यांच्या बॉनेटला एकाच आकाराच्या डाय पुरल्या. नोमॅडचा टप, दारं, मागच्या बाजूचे पत्रे, फाळका आणि काचा मात्र तिच्यापुरत्याच होत्या, आणि त्या वर्षी नोमॅड बनल्या साडेआठ हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे टपाच्या डायचा जो भार एकेका नोमॅडवर पडला, तो बॉनेटच्या डायच्या मानानं सुमारे दोनशे पट होता. पाँटियाकनं याच टपाची सफारी नावाची वॅगन काढली ती काही केवळ हौसेनं नव्हे. शेव्हर्ले आणि पाँटियाक यांच्या वॅगनचं अंग मुळात एकच होतं, तेव्हा टपाचा खर्च दोघींनी वाटून घेणं शहाणपणाचं होतं. पण सफारी आणखी महाग होती आणि तिन्ही वर्षांत मिळून ९ हजारांच्या आसपासच बनली. दोघी मिळूनही त्या टपाखालच्या गाड्या ३२ हजारांच्या पुढे फारशा गेल्या नाहीत.

कंपनीला हे लगेच उमगलं होतं याचा पुरावा खुद्द गाडीच देते. १९५५ च्या नोमॅडचं वेगळेपण टपापुरतं नव्हतं. मागच्या चाकांवरची कमान तिची खास होती, बाजूची क्रोम पट्टी इतर शेव्हर्लेंपेक्षा निराळी होती, आसनांवरचं कापड तिच्यासाठी वेगळं निवडलेलं होतं. १९५६ मध्ये यातलं बहुतेक सगळं गेलं. बाजूची सजावट शेव्हर्लेच्या बेल एअर या वरच्या श्रेणीतल्या गाड्यांची आली, आतलं कापड बेल एअरच्या हार्डटॉपचं आलं, चाकांवरची कमानही सगळ्यांसारखी झाली. जे जे दुसऱ्या गाडीकडून उसनं घेता येत होतं ते ते घेतलं गेलं. टप आणि मागचं अंग तेवढं राहिलं, कारण तेही काढलं असतं तर नोमॅड या नावाखाली विकायला काही उरलंच नसतं. एखादी गोष्ट खपत नाही म्हणून कंपनी तिच्यातली सोय किंवा किंमत बदलते, हे आपण समजू शकतो. इथे मात्र कात्री नेमकी वेगळेपणाला लागली, आणि वेगळ्या सुट्या भागांचाच भार कंपनीला सोसवत नव्हता हे त्यातून दिसतं.

यावर पहिला आक्षेप गळतीचा. नोमॅडचं मागचं दार दोन भागांचं होतं. काचेचा भाग वर उघडायचा आणि फाळका खाली. ते सगळं तिरकं असल्यामुळे पावसाचं पाणी थेट सांध्यांवर यायचं आणि आत झिरपायचं. भरपूर काच असल्यामुळे उन्हाळ्यात गाडी तापायची, आणि एअर कंडिशनिंग तेव्हा थोड्याच गाड्यांत असे. तक्रारी खऱ्या होत्या. पण त्या काळच्या वॅगनच्या मागच्या दारांतून पाणी आणि धूळ आत येणं ही काही एकट्या नोमॅडची कहाणी नव्हती, आणि गळती हा असा दोष आहे की रबर आणि सांधे सुधारून त्यावर कामचलाऊ तोडगा निघतो. गळकी गाडी फायद्याची असेल तर कंपनी तिचं रबर बदलते. ती बंद करायची वेळ येते तेव्हा कारण बहुधा हिशेबाच्या वहीत असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुटुंबाच्या गाडीला दोनच दारं कशी चालतील? मागच्या आसनावर जायला पुढचं आसन पुढे दुमडायचं, बाळाला उचलून आत ठेवायचं, हे रोजचं झालं की कंटाळा येणारच. पण आकडे पाहिले की हा आक्षेप अर्धाच टिकतो. १९५५ मध्ये शेव्हर्लेनं हँडीमन नावाच्या दोन दारी साध्या वॅगन ४५ हजारांहून जास्त विकल्या. दोन दारांच्या सेडान तर लाखांनी खपत होत्या, आणि मागे दार नसलं की मूल चालत्या गाडीतून पडण्याचा धोका नाही, असं मानणारे पालकही पुष्कळ होते. तेव्हा दोन दारं हा काही सरसकट दोष समजला जात नव्हता. तरी वारं बदलत होतं हे मान्य करायला हवं. १९५७ पर्यंत हँडीमनची विक्री ३२ हजारांच्या आसपास उतरली, आणि शेव्हर्लेच्या मधल्या श्रेणीतली चार दारी टाउन्समन एकटी सव्वा लाखाच्या वर गेली. उपनगरातलं कुटुंब चार दारांकडे सरकलं होतं. मात्र यातून मला उलटाच निष्कर्ष काढावासा वाटतो. दोन दारी साध्या वॅगनची मागणी घटली तरी ती गाडी चालू राहिली, कारण तिचा टप, मागचं अंग आणि बरेच पत्रे चार दारी वॅगनशी मिळतेजुळते होते. मागणी कमी झाली तर तिला थोडा तोटा, नोमॅडला मात्र सगळाच.

किमतीचा मुद्दाही असाच तपासून घ्यावा. नोमॅडची किंमत अडीच हजार डॉलरच्या घरात होती. कॉर्व्हेट वगळली तर १९५५ मध्ये शेव्हर्लेच्या यादीत तिच्याहून महाग काही नव्हतं. तिच्याच श्रेणीतली चार दारी बेल एअर वॅगन तिच्यापेक्षा स्वस्त, सामान जास्त घेणारी आणि चढायला-उतरायला सोपी होती. ती त्या वर्षी २४ हजारांच्या वर गेली, म्हणजे नोमॅडच्या जवळजवळ तिप्पट. जास्त पैसे द्या आणि कमी सोय घ्या, ही मागणी एकाच गाडीवर भागवणाऱ्या घराला पटणं अवघडच होतं. पण मग फोर्डकडे पाहा. १९५६ मध्ये फोर्डनं नोमॅडला उत्तर म्हणून पार्कलेन नावाची दोन दारी नटवी वॅगन काढली. नोमॅडपेक्षा ती स्वस्त होती आणि वर्षभरात १५ हजारांवर विकली गेली, म्हणजे त्या वर्षीच्या नोमॅडच्या जवळजवळ दुप्पट. थोडे जास्त पैसे मोजून देखणी दोन दारी वॅगन घेणारं गिऱ्हाईक होतं, हे पार्कलेननं सिद्ध केलं. फोर्डला ती स्वस्त देता आली, कारण खाली होती नेहमीची रँच वॅगन. तिचा टप बदलला नव्हता, मागचं अंग बदललं नव्हतं. फोर्डनं तिला वरच्या श्रेणीची क्रोम पट्टी, चांगलं कापड आणि नवं नाव दिलं, एवढंच. एका वर्षानंतर ती यादीतून काढतानाही फोर्डला कुठलीही डाय भंगारात टाकावी लागली नाही. नोमॅड तिच्याहून कितीतरी सुंदर होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हा सगळा फरक पत्र्यातून आला होता, आणि पत्र्याचे पैसे कुणीतरी भरायचे होते.

याहून कठीण प्रश्न कॉर्व्हेटचा आहे. नोमॅड ही विकण्यासाठी नव्हतीच, शोरूममध्ये गर्दी खेचण्यासाठी होती, असं म्हणता येईल. तसं असेल तर विक्रीचे आकडे पुढे करून तिला अपयशी ठरवणं अन्यायाचं होईल. कॉर्व्हेट १९५५ मध्ये फक्त ७०० बनल्या, नोमॅडच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. तरी कंपनीनं कॉर्व्हेट चालू ठेवली आणि नोमॅड सोडली. असं का? फोर्डची थंडरबर्ड १९५५ मध्ये १६ हजारांच्या वर गेली, त्यामुळे मैदान सोडून जाणं शेव्हर्लेला नामुष्कीचं वाटलं, हे एक कारण सांगतात. झोरा आर्कस-डंटोव्ह यांच्यासारखा अभियंता तिच्या पाठीशी हट्टानं उभा राहिला, हे दुसरं. दोन्ही बरोबर आहेत. त्यात मी तिसरं घालेन. कॉर्व्हेटचं अंग फायबरग्लासचं होतं. त्याचे साचे पोलादी डायांच्या मानानं फार स्वस्त पडतात. मजुरी जास्त लागते, पण वर्षाला काहीशे गाड्या काढायच्या तर ते परवडतं. तोट्यातली कॉर्व्हेट तग धरू शकली, कारण पुढच्या वर्षी चालू ठेवायला तिला नव्या डाय मागाव्या लागत नव्हत्या. नोमॅडचा जन्मही फायबरग्लासमध्येच झाला होता. पोलादात आल्यावर तिचं गणितच बदललं, कारण पोलाद लाखांच्या भाषेत बोलतं.

१९५८ उजाडलं तेव्हा हे गणित पुन्हा मांडायची वेळ आली. १९५५ ते १९५७ या तीन वर्षांत शेव्हर्लेचा मूळ सांगाडा तोच होता आणि दरवर्षी फक्त दर्शनी रूप बदललं. त्यामुळे टपाच्या डाय तीन वर्षं वापरता आल्या. १९५८ साठी कंपनीनं संपूर्ण नवी, जास्त लांब आणि रुंद गाडी आणायचं ठरवलं, आणि ती एका वर्षातच बदलून १९५९ मध्ये पुन्हा नवी गाडी आली. नोमॅडचा जुना टप नव्या अंगावर बसणार नव्हता. म्हणजे नवा टप, नवा फाळका, नव्या काचा. अशा डाय गाडी बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी मागवाव्या लागतात. त्यामुळे १९५८ ची मंदी हे काही नोमॅडच्या मृत्यूचं कारण नव्हतं. मंदी आली तेव्हा निर्णय होऊन गेला होता. कंपनीनं नाव मात्र टाकलं नाही. १९५८ मध्ये नोमॅड ही चार दारांची, सगळ्यांसारख्याच टपाची वॅगन झाली आणि १९६१ पर्यंत तशीच राहिली. १९६८ मध्ये हेच नाव शेव्हर्लेच्याच शेव्हेल या गाडीच्या सर्वांत स्वस्त वॅगनला लागलं, पुढे व्हॅनलाही लागलं. पाँटियाकनं तर सफारी हे नाव १९५७ मध्येच चार दारी वॅगनला द्यायला सुरुवात केली आणि ते पुढे तीन दशकं वापरलं. नावाला डाय लागत नाही, त्यामुळे ते टिकलं.

मग हा सगळा उपद्व्याप अर्ल यांनी करायलाच नको होता का? तसं मला वाटत नाही. एखाद्या कल्पनेचा हिशेब बसला नाही म्हणून ती चुकीची ठरत नाही. वॅगन ही सामानाची पेटी राहायला हवी असं नाही, तिलाही रेषा आणि वेग असू शकतो, हे पोलादात करून दाखवायला कुणीतरी पैसे घालवायलाच हवे होते. पुढच्या काळात अनेकांनी तोच प्रयत्न केला. मर्क्युरी, ब्यूक आणि ओल्ड्समोबिल यांनी १९५७ मध्ये मधला खांब नसलेल्या वॅगन काढल्या, त्याही लवकर मावळल्या. व्होल्वोनं १९७२ आणि १९७३ मध्ये १८०० ईएस ही दोन दारी स्पोर्टी वॅगन काढली, तीही सुमारे ८ हजारांवर थांबली. दर वेळी ही गाडी पाहणाऱ्यांना आवडते आणि दर वेळी तिचं खास अंग तिला महाग पडतं. नोमॅडच्या बाबतीत एवढंच म्हणता येईल की जनरल मोटर्सकडे त्या काळी तोटा सोसायची ऐपत होती, आणि अर्ल यांच्याकडे कंपनीला तो सोसायला लावायची. ही जोडी जमली म्हणून ती तीन वर्षं तरी रस्त्यावर दिसली.

एक शेवटचा आक्षेप राहतो. आज नोमॅडला इतकी मागणी आहे, जुन्या गाड्यांच्या लिलावात तिला तिच्याच काळातल्या चार दारी वॅगनच्या कितीतरी पट किंमत येते, तेव्हा बाजारानं १९५५ मध्ये चूक केली आणि आज सुधारली, असं का म्हणू नये? म्हणता येणार नाही, कारण खरेदी करणारा आणि खरेदीचं कारण दोन्ही बदललं आहे. आजचा संग्राहक तिच्यात किराणा भरत नाही, पावसात मुलांना शाळेत सोडायला तिच्यावर अवलंबून राहत नाही. १९५५ च्या गिऱ्हाइकाला टप हा सोयीच्या बदल्यात मिळत होता, आणि आजच्याला सोय नकोच आहे. शिवाय गाड्या थोड्या बनल्या म्हणूनच आज त्या दुर्मीळ आहेत. जो आकडा तेव्हा तोटा होता तोच आता मोल झाला आहे. आणि मूळ हिशेब अजूनही तसाच चालू आहे, हे गाडी दुरुस्त करणाऱ्यांना विचारलं की कळतं. गंजलेल्या नोमॅडला बॉनेट, बंपर, पुढची जाळी हवी असेल तर त्या वर्षीच्या कुठल्याही शेव्हर्लेची चालते, आणि तसे सुटे भाग आजही नव्यानं बनवून विकले जातात. टपाच्या पन्हळी, फाळका, मागच्या वळणदार काचा आणि बाजूचे पत्रे यांचा शोध मात्र लांबवर घ्यावा लागतो, आणि दुरुस्तीच्या बिलात सर्वांत मोठे आकडे त्यांचेच असतात.